उलटा हात

माणसाला आपलं तोंड आरशात दिसतं, हातपाय तर रोजच दिसतात. पण आपली मान स्वतःला कधी धड दिसत नाही. ती दिसते न्हाव्याला. तिसगावपासून कोसभरावरच्या त्या गावात साठ-सत्तर घरांच्या माना छगनच्या ओळखीच्या होत्या. कुणाच्या मानेवर तीळ आहे, कुणाला लहानपणी झाडावरून पडून खोक पडलेली आहे, कोण आंघोळ करताना मागची बाजू कोरडीच ठेवतो, सगळं त्याला ठाऊक. पाठमोरा माणूस लांबून चालला असला तरी छगन नाव घेऊन हाक मारायचा आणि चुकायचा नाही. कुणाचं काय दिसलं ते मात्र त्याच्या तोंडून बाहेर पडत नसे. न्हाव्याचं तोंड सैल असतं असं म्हणणाऱ्यांनी छगनला पाहिलेलं नसावं.

त्याला एकच गर्व होता आणि तो त्याने लपवलाही नव्हता. तो म्हणजे त्याची दाढी. स्वतःची नव्हे, दुसऱ्याची. मारुतीच्या पारावर पोतं अंथरून, धोकटीतून वस्तरा काढून तो आधी वरून खाली एक हात फिरवी. तो सुलटा हात. दुसऱ्या गावचे न्हावी तिथेच थांबत. छगन पुन्हा पाणी लावी, अंगठ्याने कातडं ताणून धरी आणि खालून वर, केसांच्या उलट्या बाजूने, दुसरा हात मारी. हनुवटीखालची मान तर तो अशी काढी की माशी बसली तर घसरावी. “सुलटा हात कुनीबी मारतो, उलटा मारतो त्यो न्हावी,” असं त्याचा बाप सांगून गेला होता. छगनने तेवढंच एक वाक्य जन्मभर जपलं.

एकाहत्तर सालच्या माघात आप्पासाहेबांच्या गहिनीनाथचा साखरपुडा झाला. आप्पासाहेब गावातले मोठे बागायतदार, शेतात दोन विहिरी. गहिनीनाथ तिसगावच्या शाळेत मास्तर. मुलगी सोनईची, विजयमाला तिचं नाव, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. साखरपुडा झाला आणि मास्तरांच्या अंगात वारं शिरलं. नगरहून टेरिलीनचे तीन शर्ट आले, त्यांना कुत्र्याच्या कानाएवढ्या कॉलरी. कुरळे केस मानेवर रुळू लागले, त्यांना वासाचं तेल. आणि पूर्वी आठ दिवसांनी होणारी दाढी आता दिवसाआड होऊ लागली. तीही साधी नको. “छगनकाका, उलटा हात मारा बरं का,” असं तो पोतं अंथरायच्या आधीच सांगायचा.

छगनला त्याचं कौतुकच वाटे. या पोराचं जावळ त्यानेच काढलं होतं. तेव्हा गहिनीनाथ आईच्या मांडीवर इतका ओरडला होता की पाराच्या पिंपळावरचे कावळे उडाले होते. आता तोच मास्तर होऊन समोर बसतो, म्हणून छगन दाढी झाली की वर मानेला तेलाची मालीशही करून द्यायचा. फुकट. प्रेमाने.

पाडवा होऊन चार दिवस झाले असतील. छगन पारावर एका म्हाताऱ्याचं डोकं भादरत बसला होता. आप्पासाहेब आले ते एकटे नाहीत, गहिनीनाथला दंडाला धरून. पारावर आणखी सहा-सात माणसं होती. आप्पासाहेबांनी पोराची कॉलर खाली ओढली आणि म्हणाले,

“छगन, हे काय हाय बघ.”

छगनने पाहिलं. जबड्याखाली आणि मानेच्या मागे, केसांच्या कडेला, लाल पुटकुळ्या उठल्या होत्या. काहींच्या तोंडाशी पू. काही फोडून फोडून काळ्या पडलेल्या. आठ-दहा दिवसांपासून त्या त्याला दिसत होत्या, पण आधी थोड्या होत्या आणि उन्हाळ्याच्या असतील म्हणून तो त्यांच्यावर तुरटी फिरवून वर तेल चोळत आला होता.

“उष्णता आसंल, आप्पासाहेब.”

“उष्णता? घरातल्या बाकीच्यांना न्हाई ती उष्णता? आमच्या आईनं आठ दिस गुलकंद खायाला घातलाय, मिरची बंद केलीय, मढीचा अंगारा लावून झालाय. तुज्या वस्तऱ्याला काहीतरी लागलंय. कुनाकुनाच्या मानंवरून फिरवतोस आन् तोच ह्याला लावतोस.”

म्हातारा डोकं अर्धं भादरलेलं असतानाच आपली मान चाचपू लागला.

आप्पासाहेब वाईट माणूस नव्हते. पण घाबरलेला बाप आणि तापलेला तवा यांना हात न लावलेला बरा. ते म्हणाले, “लगीन सहा आठवड्यांवर आलंय. हळदीला पोरगं उघडं बसनार, सोनईचं सारं गाव बघनार. म्हनतील, नवऱ्याला कसला रोग हाय. सांगून ठेवतो, तवर मान साफ झाली न्हाई तर नवरदेवाची दाढी सोनईचा आसाराम करंल. त्याच्या दुकानात फिरती खुर्ची हाय.”

 गहिनीनाथ खाली बघत होता. छगनच्या आज्याने आप्पासाहेबांच्या आज्याची नवरदेवाची दाढी केली होती, बापाने बापाची केली होती. लग्नाच्या दिवशी नवरदेवाला आरसा दाखवायचा तो घरच्या न्हाव्याच्याच हाताने, ही गोष्ट कुणी लिहून ठेवली नव्हती, पण गावात ती सगळ्यांना पाठ होती. तो हात एका घरातून निघाला की बाकीची घरं विचारणारच की, तिथं का निघाला? छगनला एवढं कळायला पंचायतीची गरज नव्हती.

घरी आल्यावर त्याने वस्तरा चुलीवरच्या उकळत्या पाण्यात टाकला. वाटी टाकली, कात्री टाकली. बायको रतनबाई भाकरी थापत होती, तिने पातेल्यात डोकावून पाहिलं.

“आता धोकटीबी शिजवता का काय?”

छगनने सगळं सांगितलं. तिने भाकरी उलटली, जरा विचार केला आणि म्हणाली, “वस्तऱ्याचा दोष आसंल तर त्यो एकट्या मास्तरालाच कसा लागंल? समद्या गावाच्या माना तुमच्या हाताखालून जात्यात. बघा की आनखी कुनाला हायेत का.”

छगन तिच्याकडे बघतच राहिला. गेली पंचवीस वर्षं तो लोकांच्या माना पाहत होता आणि ही एकदाही पारावर न आलेली बाई त्याला माना कशा पाहायच्या ते शिकवत होती. त्याला जरा राग आला आणि बराच धीर आला.

पुढचे आठ दिवस त्याने प्रत्येक गिऱ्हाईकाची मान उजेडाला धरून पाहिली. कान पिरगाळला जाई तेव्हा लोक ओरडत. “आरं, दाढी करतोस का बैल घेतोस?” असं एकाने विचारलं. एकूण एकोणसाठ माना झाल्या. कुणाच्या मळलेल्या, कुणाच्या सुरकुतलेल्या, पण पुटकुळ्या एकीवरही नाहीत. नवव्या दिवशी छगन ताठ मानेने आप्पासाहेबांच्या वाड्यावर गेला आणि म्हणाला,

“गावात एकालाबी न्हाईत. माझा वस्तरा निर्मळ हाय. मास्तरला तिसगावच्या डाक्टरकडं घेऊन जातो, मीबी येतो संगं. डाक्टरच सांगू द्या.”

आतून आप्पासाहेबांच्या आई, बनूबाई, बाहेर आल्या. त्यांच्या हातात वाटी होती, तीत खोबरेल तेलात कालवलेली हळद. दिवसातून तीन वेळा त्या नातवाच्या मानेला ती थापत होत्या. “डाक्टर काय करनार? पोटातली आग हाय ती,” त्या म्हणाल्या. पण गहिनीनाथ उठला आणि त्याने चपला घातल्या.

बाजारचा दिवस होता. दवाखान्यात रांग होती. डॉक्टर तरुण होते, सावळे, झोप अपुरी झालेल्या माणसासारखे डोळे. त्यांनी गहिनीनाथला खिडकीजवळ बसवलं आणि मान हळूहळू, चारी बाजूंनी पाहिली. छगनला ते आवडलं. माणूस मान पाहणारा होता.

“मागच्या या पुटकुळ्या वेगळ्या आणि पुढच्या वेगळ्या,” डॉक्टर म्हणाले. “मागे तेल लावता?”

“रोज. आजी हळदतेल लावते, शिवाय केसांना आहे.”

“कातडीला बारीक बारीक भोकं असतात. आतलं तेल, घाम त्यातून बाहेर येतो. तुम्ही वरून आणखी तेल चोळून ती बुजवलीत. त्यावर ही कॉलर दिवसभर घासते. टेरिलीनमध्ये वारा जात नाही, घाम आतच राहतो. मग मुरूम येणार नाहीत तर काय? हळदतेल बंद. मालीश बंद.”

‘मालीश’ शब्दाला छगन जरा हलला. पण बाकी सगळं ऐकून त्याच्या छातीवरचा दगड उतरला होता. तेल, कॉलर, घाम. वस्तरा कुठे होता यात? तो पुढे सरकून म्हणाला, “म्हंजे डाक्टरसाहेब, वस्तऱ्याचा दोष न्हाई. मी वस्तरा उकळून घेतो. गावात दुसऱ्या कुनाला काय न्हाई.”

“तुम्ही दाढी करता यांची? बरं झालं आलात.” डॉक्टरांनी गहिनीनाथची हनुवटी वर केली आणि एका पुटकुळीकडे बोट दाखवलं. “जवळ येऊन बघा. काय दिसतं?”

छगनने डोळे बारीक केले. पुटकुळीच्या आत, कातडीखाली, एक काळा केस वेटोळं घालून बसला होता.

“केस हाय आत.”

“हा केस कुरळा आहे. तुम्ही उलटी दाढी करता का? कातडं ताणून, खालून वर?”

“म्हंजे काय!” छगन अभिमानाने म्हणाला. “त्याबिगर दाढी कशी म्हनायची?”

“कातडं ताणून उलटा वस्तरा मारला की केस कातडीच्या खाली कापला जातो. कातडं सोडलं की तो आत जातो. सरळ केस असेल तर पुन्हा सरळ वर येतो, कुरळा असेल तर वळतो आणि आपल्याच मांसात शिरतो. अंगाला वाटतं काटा रुतलाय, म्हणून तिथे पू होतो. आठ दिवसांतून एकदा केलं असतं तर कदाचित निभलं असतं, हे दिवसाआड करतात. तुमचा वस्तरा स्वच्छ आहे हो. हात उलटा आहे.”

डॉक्टरांनी हे रागाने सांगितलं नाही, म्हणून छगनला जास्तच लागलं. रागावले असते तर भांडता आलं असतं. बाहेर रांगेतलं पोर रडत होतं. छगन आपल्या उजव्या हाताकडे पाहत उभा राहिला.

उपाय साधा निघाला. चार आठवडे वस्तरा लावायचाच नाही. सकाळ-संध्याकाळ साध्या साबणाने मान धुवायची, घासायची नाही. पुटकुळी फोडायची नाही. कॉलर नको, सुती सदरा घालायचा. रात्री गंधकाचं मलम, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. “आणि लग्नाच्या दिवशी?” गहिनीनाथने लाजत विचारलं.

“कोमट पाण्याने केस चांगले भिजवा. एकच हात, वरून खाली. कातडं ताणायचं नाही. हाताला थोडी खुंटं लागतील, लागू देत. त्या दिवशी उलटा हात मारलात तर चार दिवसांनी सगळं परत येईल. आणि असंच चालू राहिलं तर डाग कायमचे राहतील.”

दोघं परत निघाले. रस्त्याच्या कडेला करडईची काढणी संपलेली रानं उघडी पडली होती. गावाची वेस दिसू लागली तेव्हा गहिनीनाथ म्हणाला,

“छगनकाका, घरी तेलाचं आन् कॉलरचं सांगू. तेवढं पुरे. ते दुसरं कुनाला कळायची गरज न्हाई.”

छगनने मान हलवली. पोर आपल्याला वाचवत होतं हे त्याला कळत होतं. ज्याचं जावळ काढलं त्याने आपली लाज झाकावी, याचं त्याला बरंही वाटलं आणि तोंड कुठे लपवावं असंही झालं. त्या रात्री त्याने रतनबाईलाही उलट्या हाताचं सांगितलं नाही. 

गहिनीनाथची दाढी वाढू लागली. “मास्तर गोसावी झाला,” म्हणून शाळेतली पोरं हसली. “सोनईची पोरगी पळून जाईल की रं,” म्हणून पारावरचे हसले. बनूबाईंनी तेलाची वाटी फडताळात ठेवली, पण रोज एकदा ती उघडून बघत. दोन आठवड्यांनी पू असलेली पुटकुळी उरली नाही. चौथ्या आठवड्यात मान पुष्कळशी साफ झाली, मागे फिकट तांबूस डाग राहिले. आप्पासाहेब स्वतः पारावर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले,

“छगन, माझं चुकलं बाबा. तुज्या वस्तऱ्याचं काय न्हाई, ती त्या टेरिलीनचीच करामत. नवरदेवाची दाढी तूच करायची. आशी कर की सोनईवाल्यांनी तोंडात बोटं घातली पायजेत.”

लोकांनी माना डोलावल्या. छगनने हात जोडले. माफी मागणाऱ्या माणसापुढे गप्प बसणं याहून जड ओझं नसतं, आणि ते ओझं छगन सोनईपर्यंत घेऊन गेला.

वैशाखात वऱ्हाड मालट्रकमधून सोनईला गेलं. जानवसा शाळेत दिला होता. लग्नाच्या दिवशी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात पोतं पसरलं, त्यावर नवी घोंगडी, तिच्यावर गहिनीनाथ उघड्या अंगाने बसला. भोवती दोन्हीकडची माणसं जमली. पुरुषाच्या दाढीत बघण्यासारखं काय असतं कोण जाणे, पण नवरदेवाच्या दाढीला गर्दी होतेच. बनूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. मुलीकडच्यांचा न्हावी म्हणून आसारामही आला होता. चाळिशीचा, कुरळ्या केसांचा, अंगात परीटघडीचा सदरा आणि त्या उकाड्यात गळ्याला रेशमी रुमाल गच्च बांधलेला. दुकानवाल्याची ऐट, छगनच्या मनात आलं.

छगनने कोमट पाणी लावलं. लावतच राहिला. साबणाचा फेस केला. वस्तरा पट्ट्यावर फिरवला आणि वरून खाली एक हात मारला, कातडं न ताणता. गाल झाले, हनुवटी झाली, मान झाली. त्याने ओला पंचा फिरवला आणि बोटांनी जबडा चाचपला. खुंटं लागत होती. बारीक, पण लागत होती. पंचवीस वर्षांत अशी दाढी त्याने उकिरड्यावर बसणाऱ्याचीही सोडली नव्हती.

त्याचा हात पुन्हा वाटीकडे गेला. त्याच्या मनात आलं, मारावा एक उलटा हात. हळद लागेल, अक्षता पडतील, सगळे म्हणतील वा छगन. पुटकुळ्या उठतील त्या चार दिवसांनी, तेव्हा वऱ्हाड गावी परतलेलं असेल आणि दोष द्यायला टेरिलीन आहेच. गहिनीनाथ डोळे मिटून बसला होता. तो काही बोलणार नव्हता. समोर ती मान होती, डाग पुसट होत आलेली, विश्वासाने वर केलेली.

छगनने वस्तरा पुसला आणि मिटून ठेवला.

“झाली दाढी.”

आसाराम पुढे आला. दुसऱ्या गावचा न्हावी नवरदेवाची दाढी तपासतो, त्यात थोडी चेष्टा असते आणि थोडी परीक्षा. त्याने बोटाची मागची बाजू गहिनीनाथच्या जबड्यावरून खालून वर फिरवली आणि मोठ्याने म्हणाला,

“आवं पाव्हनं, खरखर ऱ्हायली की! नवरीचं गाल सोलायचं हायेत का काय?”

व्हरांडा हसला. सोनईवाले हसले, मग छगनच्या गावचेही हसले. एकजण म्हणाला, “छगनचा हात थकला आता.” आप्पासाहेबांनी हसून घेतलं, पण त्यांचे कान लाल झाले. ते वाकून हळूच म्हणाले, “छगन, एक उलटा हात मार. आजच्या दिवसाला आब राख माझा.”

“न्हाई मारायचा, आप्पासाहेब.”

“का?”

आता गप्प बसून चालणार नव्हतं. छगनचा आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला.

“ह्या पोराच्या मानंवर उठलं हुतं ते नुसतं तेलानं आन् कॉलरीनं न्हाई. माज्या उलट्या हातानं. कातडं तानून मी केस खालून कापायचो, त्यो आत वळून मांसात रुतायचा. डाक्टरनं दाखवला मला, ह्या डोळ्यांनी बघितला. मास्तरनं माझी लाज झाकली, मी झाकून घेतली. तुमी पारावर माफी मागितली तवाबी मी गप ऱ्हायलो. आज मारला तर दाढी लोन्यावानी हुईल, आन् चार दिसांनी पोराची मान पुन्हा सडंल. माज्यानं व्हनार न्हाई. आसारामला सांगायचं तर सांगा.”

 बनूबाईंनी पदर तोंडाला लावला. आप्पासाहेब एकदा पोराकडे आणि एकदा छगनकडे बघत राहिले. गहिनीनाथने डोळे उघडले आणि म्हणाला, “दाढी मला पसंत हाय. छगनकाका, आरसा दाखवा.”

आरसा दाखवायचा तो मान छगनचा होता, त्याने धोकटीतून आरसा काढून समोर धरला. आरशात पाराच्या पिंपळाऐवजी शाळेची कौलं दिसली, आणि त्यांच्याखाली नवरदेवाचं तोंड. आप्पासाहेबांनी पुढे होऊन तो आरसा खालून धरला, दोघांनी मिळून.  मग ते म्हणाले, “हळद लावा आता. आई, तेल न्हाई कालवायचं, पान्यात कालव.”

बायका हळद घेऊन आल्या, माणसं पांगली. छगन विहिरीशेजारी जाऊन वस्तरा धूत बसला. मागून कुणाची तरी सावली पडली. आसाराम होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

“केस आत वळतो म्हनालात,” त्याने हळू विचारलं. “कुरळाच का?”

“कुरळा लई. रोज उलटी दाढी केली की हमखास.”

 आसारामने गळ्याचा रेशमी रुमाल सोडला. खाली जबड्यापासून गळ्याच्या घाटीपर्यंत लाल, काळं, जुनं, नवं, सगळं एकात एक मिसळलेलं होतं. काही डाग आता जायचे नव्हते.

“आठ वर्सं झाली,” तो म्हणाला. “दुकान माझं, आरसा माझा, हात माझा. रोज सकाळी मीच मारतो. गिऱ्हाईकाला दिसायला नको म्हनून हा रुमाल. बायकोबिगर कुनी बघितली न्हाई ही मान.”

छगनने त्याची हनुवटी दोन बोटांनी उजेडाकडे वळवली आणि चारी बाजूंनी पाहिली, डॉक्टरांनी पाहिली होती तशी. मग तिसगावच्या दवाखान्याचा दिवस, गंधकाचं मलम, साधा साबण, सुती सदरा, सगळं पहिल्यापासून सांगितलं. आसाराम लहान पोरासारखा ऐकत होता. शेवटी छगन म्हणाला, “आन् चार आठवडे वस्तरा न्हाई.”

“न्हाव्यानं दाढी वाढवायची? लोक काय म्हनतील?”

“म्हनतील हात थकला,” छगन म्हणाला. “म्हनू द्यायचं.”

आसाराम हसला. रुमाल त्याने पुन्हा बांधला नाही, घडी करून खिशात ठेवला, आणि दोघं उघड्या मानेने हळदीच्या गर्दीत गेले.